बाबांचे शेक चालू आहेत – लाळग्रंथी वाचवायला अँटीऑक्सिडंटच्या गोळ्या द्याव्यात का?

कन्नाचौकातली | ६ मे, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं पाककृती वाचून गुपचूप निघून जाते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबेल, सांभाळून घ्या.

बाबा, वय ६३. तीस वर्षं यंत्रमागावर जॉबर (माग दुरुस्त करणारे) होते आणि तंबाखू-चुनाही तितकीच वर्षं. उजव्या टॉन्सिलचा कॅन्सर निघाला, मानेत त्याच बाजूला एक गाठ. ऑपरेशन नाही, ३५ शेक (रेडिएशन) आणि आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध, असं ठरलंय. आज सहावा शेक झाला.

तोंड आत्ताच सुकायला लागलंय. काल जेवताना बाबा म्हणाले, "तोंडात खळ लावल्यागत झालंय." ज्यांनी सुताला खळ देताना बघितलीय त्यांना कळेल. थुंकी आहे, पण तिला ओल नाही. चूळ भरली की बेसिनपर्यंत दोरा लोंबतो.

आता मुद्दा. पुण्याच्या चुलतभावानं कुरियरनं एक पिशवी पाठवलीय. व्हिटॅमिन ई ४००, व्हिटॅमिन सी, सेलेनियम, द्राक्षाच्या बियांचा अर्क, अजून दोन डबे ज्यांची नावं मला वाचताही येत नाहीत. दादानं रात्र-रात्र जागून वाचलंय. त्याचं म्हणणं असं की रेडिएशननं फ्री रॅडिकल, म्हणजे पेशीत मोडतोड करणारे कण, तयार होतात, ते लाळग्रंथींची वाट लावतात, आणि अँटीऑक्सिडंट त्यांना टिपून घेतात. उंदरांवर प्रयोग झालेत, त्यांच्या ग्रंथी वाचल्यात.

ओपीडीत विचारलं तर डॉक्टर "नको" म्हणाले आणि पुढच्याला हाक मारली. बाहेर शंभरेक माणूस ताटकळत होतं, त्यामुळे त्यांनाही बोल लावत नाही. पण नुसत्या "नको"वर दादाला काय सांगू? त्याला वाटेल आम्ही त्याच्या पिशवीची किंमत केली नाही.

पिशवी सध्या फ्रिजवर आहे.

विडी_घरकुल | ६ मे, रात्री ११:५८

डॉक्टर नको म्हणाले ना? मग नको. विषय संपला. पिशवी दादाला परत.

शेंगाचटणी | ७ मे, रात्री १२:२०

विषय असा संपत नसतो हो. माझ्या मावशीला जिभेच्या कॅन्सरसाठी रेडिएशन दिलं तेव्हा आम्ही ई आणि सी दोन्ही दिल्या होत्या. आज चार वर्षं झाली, मावशी ठणठणीत आहे आणि तोंडही बऱ्यापैकी ओलं असतं. डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं, सांगितलं असतं तर ओरडले असते.

ग्रे_मोजणारा | ७ मे, सकाळी ६:५०

मी रेडिएशन विभागात भौतिकशास्त्रज्ञ आहे. सोलापुरात नाही, पण आजोळ पंढरपूरचं, म्हणून या भागातले धागे वाचतो. डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. गोळ्यांचा निर्णय तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टचा. त्या "नको"मागचं कारण मात्र सांगू शकतो.

तुमच्या दादानं वाचलंय ते खोटं नाही. पेशीत बहुतांश पाणीच. शेकातल्या एक्स-रेची ऊर्जा त्या पाण्यात पडली की त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल सुटतो. जेमतेम सेकंदाचा अब्जावा भाग जगतो, पण तेवढ्यात शेजारचा डीएनए तोडून जातो. एक्स-रेमुळे डीएनएची जी मोडतोड होते तिच्यातली साधारण दोन तृतीयांश या आडवाटेनं होते. तेव्हा रॅडिकल टिपणारं काहीतरी पेशीत आधीच भरून ठेवलं तर पेशी वाचेल, हा हिशेब बरोबर आहे.

घोळ पुढे आहे. कॅन्सरची पेशी मरते तीही याच वाटेनं. गोळी पोटातून रक्तात गेली की रक्त लाळग्रंथीलाही जातं आणि टॉन्सिललाही. तणनाशक मारायचं आणि त्याच सकाळी त्याचा उतारा सगळ्या रानात फवारायचा, तसं आहे हे. पीक वाचेल, तणही वाचेल.

उंदरांबद्दल एक गोष्ट कुणी बोलत नाही. व्हिटॅमिन ई, मेलाटोनिन, सेलेनियम, रेस्व्हेराट्रॉल, या सगळ्यांचे उंदरांवरचे निकाल चांगलेच आहेत. पण त्यातल्या बहुतेक प्रयोगांत उंदीर निरोगी असतो. त्याच्या घशात गाठच नसते. ग्रंथी वाचली की प्रयोग यशस्वी. गाठीचं काय झालं हा प्रश्नच तिथं येत नाही, आणि तुमच्या घरात तोच पहिला प्रश्न आहे.

कन्नाचौकातली | ७ मे, सकाळी ७:३०

तणनाशकाचं दादाला लगेच कळेल, त्याच्या सासरी ऊस आहे. पण मग फक्त ग्रंथीलाच वाचवेल असं औषध कुणी काढलंच नाही का?

ग्रे_मोजणारा | ७ मे, दुपारी १:१०

काढलंय. ॲमिफॉस्टिन. त्याची गोष्ट मजेशीर आहे, जेवणाच्या सुट्टीत लिहितोय तर सांगूनच टाकतो.

शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेच्या लष्कराला अणुहल्ल्यात सैनिक वाचवणारी गोळी हवी होती. वॉल्टर रीड या लष्करी संशोधन संस्थेत हजारो रसायनं तपासली गेली. त्यातलं २७२१ क्रमांकाचं टिकलं. सैनिकांच्या कामाचं नव्हतं, कारण शिरेतून द्यावं लागतं आणि उलट्या होतात. पण कॅन्सरवाल्यांच्या लक्षात आलं की याला एक कुलूप आहे. औषध शरीरात जातं तेव्हा निष्क्रिय असतं, आणि अल्कलाइन फॉस्फटेज नावाचं एन्झाइम ते उघडतं. हे एन्झाइम निरोगी ऊतींच्या केशवाहिन्यांत भरपूर, गाठीत कमी. म्हणजे उतारा पिकावरच पडतो, तणावर फारसा नाही. त्यातही लाळग्रंथीत हे औषध चांगलं साठतं.

२००० साली तीनशेच्या वर रुग्णांची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. एका वर्षानंतरही बऱ्यापैकी कोरडं तोंड राहिलेले रुग्ण औषधाविना ५७ टक्के, औषध घेतलेल्यांत ३४ टक्के. गाठीवरच्या नियंत्रणात फरक पडला नाही. त्याच चाचणीच्या आधारावर, ती छापून यायच्या आधीच, १९९९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं (औषधांना मान्यता देणारी सरकारी संस्था) याला तोंडाच्या कोरडेपणासाठी मान्यता दिली होती.

मग सगळे का देत नाहीत? रोज, प्रत्येक शेकाच्या १५ ते ३० मिनिटं आधी सलाईनमधून द्यायचं. मळमळ, उलट्या, बीपी खाली येणं. वर सिस्प्लॅटिनच्या उलट्या चालूच. आणि दरम्यान दुसरीकडूनच उपाय आला, मशीनकडून. त्याबद्दल रात्री लिहितो, पेशंट टेबलवर आहे.

शेंगाचटणी | ७ मे, दुपारी ३:०५

मी पण शोधलं जरा. २०१६ मध्ये कोरियात माणसांवरच चाचणी झालीय, उंदरांवर नाही. रेडिएशन चालू असताना सी आणि ई दिल्या. सहा महिन्यांनी गोळ्या घेतलेल्यांची तोंडं कमी कोरडी होती. याला काय म्हणाल?

विडी_घरकुल | ७ मे, दुपारी ३:२०

किती जणांवर?

शेंगाचटणी | ७ मे, दुपारी ३:३१

४५.

विडी_घरकुल | ७ मे, दुपारी ३:३३

आमच्या कारखान्यात विड्या वळायला एका ओळीत याच्यापेक्षा जास्त बायका बसतात.

धागा_राखणदार | ७ मे, संध्याकाळी ५:००

"१०० टक्के आयुर्वेदिक लाळवर्धक रस" ही जाहिरात उडवली आहे. पुन्हा टाकली तर सदस्यत्व जाईल.

ग्रे_मोजणारा | ७ मे, रात्री १०:१५

@शेंगाचटणी, चाचणी खरी आहे आणि निकालही तुम्ही बरोबर सांगितलात. पण ४५ माणसांत कोरडेपणातला फरक दिसू शकतो, गाठ परत येण्यातला फरक दिसायला वावच नसतो. तो बघायला मोठी चाचणी लागते, आणि ती कॅनडात, क्वेबेकमध्ये झालीय. डोके-मानेच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या कॅन्सरचे ५४० रुग्ण. अर्ध्यांना रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई आणि ३० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन, अर्ध्यांना नुसत्या पिठाच्या गोळ्या. शेक चालू असताना आणि पुढे तीन वर्षं.

बीटा-कॅरोटिन त्यांना मध्येच थांबवावं लागलं. कारण फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना ते दिलं होतं, फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हावा म्हणून, आणि तो १८ टक्क्यांनी वाढला. १९९४ सालची ही गोष्ट. पाठोपाठ अमेरिकेतल्या चाचणीतही तसंच झालं. मग क्वेबेकवाल्यांनी नुसतं ई चालू ठेवलं.

२००५ मध्ये निकाल आला. ज्यांना दोन्ही मिळालं त्यांना शेकाचा तीव्र त्रास खरोखरच पुष्कळ कमी झाला. तुमच्या मावशीचा अनुभव म्हणूनच मी खोटा मानत नाही. पण गोळ्यांच्या बाजूला गाठ त्याच जागी परत येण्याचं प्रमाण जास्त दिसलं. हा आकडा काठावरचा आहे, योगायोग असू शकतो असं म्हणण्याइतका. पुढच्या वर्षी मृत्यूचे आकडे आले, ते ई घेणाऱ्यांत जास्त होते. आणि नंतर त्यांनी वेगळं करून पाहिलं, तर शेक चालू असताना गोळ्याही घेतल्या आणि विडी-सिगारेटही ओढली अशांमध्ये कॅन्सर परतण्याचं प्रमाण दुपटीहून अधिक.

२०२१ मध्ये कॅन्सरतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून लाळेबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत स्पष्ट आहे की लाळग्रंथी वाचवण्यासाठी व्हिटॅमिन ई किंवा इतर अँटीऑक्सिडंट वापरू नयेत. गंमत म्हणजे त्याच सूचनांत ॲक्युपंक्चर द्यायला हरकत नाही असं म्हटलंय. मी स्वतः सुया टोचून घेणार नाही, पण लिहिलंय ते सांगितलं.

मावशींना चार वर्षं झाली याचा आनंदच आहे. पण डॉक्टरांना न सांगता देऊ नका हो, कुणीच.

शेंगाचटणी | ७ मे, रात्री १०:५०

हं. मावशीनं मिश्री सोडली नव्हती तेव्हा. आता धास्तीच बसली.

ग्रे_मोजणारा | ७ मे, रात्री ११:०२

चार वर्षांनंतर धास्ती कशाला. तपासण्या चुकवू नका म्हणजे झालं. आणि मिश्री सोडली नसेल तर आज सोडायला लावा.

सांगोल्याचा_भगवा | ८ मे, सकाळी ५:४५

राम राम. आमची डाळिंबाची बाग आहे. आता सगळीकडं ऐकतो की डाळिंब म्हणजे अँटीऑक्सिडंटची खाण. केगावला डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथल्या मेळाव्यातही डाळिंबाच्या गुणांवर बोलतात. मग पेशंटला डाळिंबही द्यायचं नाही का? आमच्या गावात एकाला घशाचं झालंय, त्याला मी स्वतः दोन क्रेट नेऊन दिले. काळजी वाटायली.

ग्रे_मोजणारा | ८ मे, सकाळी ८:२०

दादा, घोर लावून घेऊ नका. ताटातलं फळ आणि डब्यातली मोठ्या मात्रेची गोळी यांत फार अंतर आहे. या सगळ्या चाचण्या गोळ्यांच्या आहेत. वाटीभर दाण्यांनी शेक वाया जात नाही. अर्काच्या कॅप्सूल, पावडरी मात्र नकोत.

अक्कलदाढ | ८ मे, सकाळी ९:१०

दातांची डॉक्टर आहे, डाळिंबावरून राहवलं नाही म्हणून लिहिते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोलवटतं. तेव्हा डाळिंब, मोसंबी, लिंबू, काहीही आंबट लागलं तरी माणूस किंचाळतो. शिवाय लाळ नसताना फळांचा रस दिवसभर घोट-घोट पीत राहिलात तर दातांना आंबटही मिळतं आणि साखरही, आणि धुवायला कुणी नाही. लाळ म्हणजे नुसतं पाणी नव्हे. तिच्यात आम्ल मारणारं बायकार्बोनेट असतं, दाताला लागणारं कॅल्शियम असतं. ती गेली की वर्षभरात हिरडीलगत दात काळे पडून कडेनं तुटायला लागतात. मी बघितलेत, कणसाचे दाणे मोडावेत तसे.

कन्नाचौकातली, शेक सुरू व्हायच्या आधी बाबांचे दात तपासले होते का? आता जे सांगते ते आईलाही वाचून दाखवा. पुढे कधीही, दहा वर्षांनीसुद्धा, खालचा दाढेचा दात काढायची वेळ आली तर त्या दंतवैद्याला "इथं रेडिएशन झालंय" हे आधी सांगायचं. शेक बसलेल्या जबड्याचं हाड नीट भरून येत नाही, कधीकधी ते सडतं. काढायचे दात शेकाच्या दोन-तीन आठवडे आधी काढून जखम भरलेली बरी. रोज रात्री फ्लोराइडची जेल, आयुष्यभर. दिवसातून सात-आठ वेळा चुळा: लिटरभर पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा. बाजारातली झोंबणारी अल्कोहोलची माउथवॉश घरातसुद्धा ठेवू नका.

कन्नाचौकातली | ८ मे, दुपारी २:००

दोन दाढा एप्रिलमध्ये काढल्या होत्या ताई, त्यांनीच पाठवलं होतं दंतवैद्याकडे. फ्लोराइडचं कुणी बोललं नव्हतं. आज घेते.

आज सोलापूर ४३ अंश. रिक्षातून येताना बाबांनी पाऊण लिटर पाणी संपवलं, तरी ओठ ओठाला चिकटलेले.

बाळेकर_अण्णा | ८ मे, रात्री ९:३०

पोरी, मी ह्यातनं गेलेला माणूस हाय. २०१४ ला शेक झाले, जुन्या मशीनवर. कुठं झाले ते जाऊ दे. दोन्ही बाजूंनी सरळ मारायचे. अकरा वर्षं होत आली, थुंकी काय परत आली नाही बघ.

लोकांना वाटतं तहान लागत आसंल. तहान न्हाई ती. रात्री दोनला जाग येती तेव्हा जीभ टाळ्याला चिकटल्याली आसती, सोडवताना टच्च आवाज येतो. कडक भाकरी माझा जीव की प्राण. शेक झाल्यावर पहिल्यांदा एक तुकडा तोंडात टाकला, चावला, चावला, तर जसाच्या तसा भुगा. आत जाईना, बाहेर थुकता येईना. बोटानं काढावा लागला. त्या दिवशी रडलो मी. कॅन्सर झाला म्हणून रडलो नव्हतो.

लग्नात जेवायला बसत न्हाई आता. पंगतीत सारखं पाणी प्यालो की लोक बघत्यात. गड्ड्याच्या यात्रेला जातो, पण बाटली घिऊन.

तुझ्या बाबांना नवीन मशीनवर देतेत का? ते विचार आधी. गोळ्याबिळ्या मागनं.

ग्रे_मोजणारा | ८ मे, रात्री ११:४५

अण्णांनी माझं राहिलेलं काम केलं. "मशीनकडून आलेला उपाय" म्हणालो होतो तो हाच.

कानाच्या खाली-पुढे, गालफुगीत सुजते ती पॅरोटिड, दोन्ही बाजूंना एकेक. जेवताना पातळ लाळेचा लोंढा सोडते ती ही. जबड्याखालची सबमँडिब्युलर, जेवण नसताना, रात्री झोपेत तोंड ओलं ठेवते ती मुख्यतः ही. जिभेखाली तिसरी जोडी, आणि ओठ-टाळूत बारीक ग्रंथी शेकड्यांनी. सगळ्या मिळून दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ. पॅरोटिडच्या पाणीदार लाळ करणाऱ्या पेशी शेकाला फार लवकर बळी पडतात, पहिल्याच आठवड्यात. चिकट लाळ करणाऱ्या त्यामानानं टिकतात. म्हणून तुमच्या बाबांची "खळ". त्यांनी दिलेला शब्द मी आता विभागात वापरणार आहे.

जुन्या पद्धतीत दोन्ही बाजूंनी चौकोनी झोत मारायचे, पॅरोटिड पूर्ण आत. आयएमआरटी या नव्या पद्धतीत झोताचा आकार आणि तीव्रता तुकड्या-तुकड्यानं बदलता येते, गाठीवर ७० ग्रे (ग्रे म्हणजे शेकाच्या डोसचं माप) बसवून ग्रंथीला वळसा घालता येतो. ब्रिटनमध्ये ९४ रुग्णांवर तुलना झाली, २०११ ला छापून आली. वर्षानंतर त्रासदायक कोरडेपणा जुन्या पद्धतीत ७४ टक्क्यांना, आयएमआरटीत ३८ टक्क्यांना. आपल्या मुंबईच्या टाटा हॉस्पिटलनंही ६० रुग्णांवर केलीय: उपचारादरम्यान लाळेचा जास्त त्रास ८९ टक्क्यांना विरुद्ध ५९ टक्क्यांना. असा फरक कुठल्या व्हिटॅमिननं आणलेला नाही, आणि इथं गाठीला सूटही द्यावी लागत नाही.

तेव्हा ताई, उद्या एक प्रश्न विचारा. डॉक्टरांना गर्दीत नको, प्लॅनिंगच्या खोलीत जाऊन विचारा: "दोन्ही पॅरोटिडना सरासरी किती ग्रे जातोय?" दोन्ही २५ च्या आत असाव्यात, किंवा निदान एक २० च्या आत, असा दंडक आहे. २६ च्या आत राहिलेली ग्रंथी वर्ष-दोन वर्षांत बऱ्यापैकी सावरते. प्रत्येकाला जमतंच असं नाही. गाठ ग्रंथीला खेटून असेल तर गाठीचा मान पहिला.

कन्नाचौकातली | १२ मे, संध्याकाळी ६:२०

विचारलं! हिंमत करून. आतली मुलगी माझ्याच वयाची निघाली, तिनं संगणकावर आलेखच दाखवला. डावी २३, उजवी ३८. म्हणाली, उजवीकडे गाठ आहे, तिकडे आम्ही हात आखडता घेऊ शकत नाही, पण डावी जपलीय. आणि वर म्हणाली, "हा प्रश्न आजवर कुणा नातेवाइकानं विचारला नव्हता." मी सांगितलं, मला पढवून पाठवलंय.

बाबांना घरी येऊन सांगितलं की तुमची डावी बाजू राखलीय. ते म्हणाले, "म्हणजे एक माग चालू राहणार."

दादालाही फोन केला. तणनाशकाचं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग मी करू काय? इथं पुण्यात बसून?" त्याच्या त्या पिशवीचा अर्थ मला तेव्हा कळला. मी म्हटलं, रात्री बिछान्याशी ठेवायला वाफेचं यंत्र घेऊन दे, हवा कोरडी आहे. दुसऱ्या दिवशी दोन यंत्रं आली.

ग्रे_मोजणारा | १२ मे, रात्री ९:००

२३ छान आहे. आता एकच: वजन. माणूस वाळला की गाल आत जातात, शेक देताना डोकं हलू नये म्हणून घालतात तो मुखवटा ढिला होतो, आणि पॅरोटिड आकसून आतल्या बाजूला, म्हणजे नेमकी जास्त डोसच्या पट्ट्यात सरकते. कागदावरचे २३ मग २३ राहत नाहीत. दर आठवड्याला वजन करा आणि मुखवट्यात बोट जायला लागलं की टेक्निशियनला सांगा.

कन्नाचौकातली | २७ मे, रात्री १०:३०

२० शेक झाले. वजन ६१ वरून ५६. मुखवटा हलत होता, मी सांगितलं, पुन्हा स्कॅन केला, नवीन साचा केला. त्यात दोन दिवस गेले. तोंडात फोड आहेत, नाकातून नळी घातलीय. बाबा बोलत नाहीत, पाटीवर लिहितात. काल लिहिलं, "भाकरी".

सध्या यापेक्षा जास्त लिहायची ताकद नाही.

बाळेकर_अण्णा | २७ मे, रात्री १०:४१

हे दिवस लई वाईट आसत्यात. पंधरा शेक राहिले म्हण, रोज एक खोडत जा. कॅलेंडर माझ्या बायकोनं अजून ठिवलंय.

अक्कलदाढ | २७ मे, रात्री ११:१५

नळी असली तरी चुळा थांबवू नका. चूळ भरता येत नसेल तर मऊ कापड सोड्याच्या पाण्यात बुडवून तोंड पुसा.

विडी_घरकुल | २८ मे, सकाळी ७:००

ताई, रात्रीच्या औषधांना कुणी लागलं तर सांगा. मी इथंच आहे, गाडी आहे.

शेंगाचटणी | ३ ऑगस्ट, दुपारी १२:१०

धागा वर काढतेय. कसे आहेत बाबा? आणि एक बातमी वाचली ती विचारायची होती. अँटीऑक्सिडंटचंच नवीन औषध येतंय म्हणे, शेकासाठीच बनवलेलं?

ग्रे_मोजणारा | ३ ऑगस्ट, रात्री ८:४०

ॲव्हासोपासेम म्हणताय बहुतेक. आपल्या शरीरात सुपरऑक्साइड डिसम्युटेज नावाचं एन्झाइम असतं, त्याची नक्कल करणारा मँगनीजचा रेणू. तो सुपरऑक्साइड हा एकच रॅडिकल पकडतो, सरसकट सगळे नाही. कल्पना हुशारीची आहे. पण त्याची मोठी चाचणी तोंडातल्या फोडांसाठी होती, लाळेसाठी नाही. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं मान्यता न देता आणखी पुरावा मागितला. म्हणजे दुकानात येणार म्हणून वाट बघत बसू नका.

कन्नाचौकातली | ५ ऑगस्ट, रात्री ९:५०

सगळ्यांना आधी नमस्कार. जूनमध्ये ३५ पूर्ण झाले. नळी जुलैत निघाली. पहिला स्कॅन सप्टेंबरमध्ये आहे, तोवर काही बोलत नाही.

लाळ: सकाळी अगदीच नाही, जेवताना डावीकडे थोडी येते. बाबा आरशात तोंड उघडून मला दाखवतात, डाव्या गालाच्या आत, वरच्या दाढेसमोर एक थेंब जमतो. थेंब बघून आई देवाला हात जोडते. डॉक्टरांनी पिलोकार्पिन दिलंय, ५ मिलिग्रॅम तीन वेळा. घाम फार येतो, बनियन पिळून निघतं, पण जेवण जातं. (त्यांनी आधी दमा आणि काचबिंदू आहे का ते खोदून विचारलं होतं. कुणी ऐकीव माहितीवर घेऊ नका.)

जेवणाचं: आमटीत भाकरी कुस्करून तासभर ठेवायची. शेंगाचटणी दह्यात कालवून, तिखट नावाला. कोरडं थालीपीठ, चिवडा, सगळं बंद. मऊ भात आणि वरून तुपाची धार.

पिशवी: आई धान्याच्या कोठीवर ठेवून विसरली होती. मी औषधाच्या दुकानात दाखवली, त्यातल्या न फोडलेल्या दोन बाटल्या त्यांनी परत घेतल्या. बाकीच्या दादाला न सांगता टाकल्या. दादा, तू हा धागा वाचतोस हे मला माहितीय.

सांगोल्याचा_भगवा | ६ ऑगस्ट, सकाळी ५:३०

स्कॅन चांगला आला की कळवा, डाळिंब घेऊन येतो. घरच्यांसाठी.

कन्नाचौकातली | १९ सप्टेंबर, रात्री ८:१५

स्कॅन स्वच्छ. पुढचा तीन महिन्यांनी.

बाळेकर_अण्णा | १९ सप्टेंबर, रात्री ८:१८

🙏 पेढे पाठव. मला चालत न्हाईत, बायकोला पाठव.

विडी_घरकुल | १९ सप्टेंबर, रात्री ८:३०

माझ्या आईचं परवा कळलं. गालाचा. बार्शीला दाखवलंय. ऑपरेशन, नंतर शेक. ताई, तो प्लॅनिंगच्या खोलीतला प्रश्न मला परत एकदा नीट लिहून द्याल का? तेव्हा मी "विषय संपला" म्हणालो होतो.

कन्नाचौकातली | १९ सप्टेंबर, रात्री ८:४४

फोन करते. फक्त प्रश्नच नाही, वही पण देते. त्यात चुळांच्या वेळांपासून सगळं आहे. आणि शेकाच्या आधी दात. उद्याच.

बाळेकर_अण्णा | २१ डिसेंबर, सकाळी १०:०५

वस्तीवर हुरडा आलाय. कन्नाचौकवाली, बाबांना घिऊन ये रविवारी. विडीघरकुल, तू बी ये, आईला बरं वाटत आसंल तर तिला पण. हुरडा मऊ आसतोय, दोन दाणे आणि एक घोट पाणी, आसं खायचं. मी खातोय की अकरा वर्षं. चटणी बाजूला ठिवू.

कन्नाचौकातली | २१ डिसेंबर, दुपारी १२:२०

येतो अण्णा. बाबांनी विचारायला सांगितलंय, सुरती आहे की गूळभेंडी?